टेम्प्लेटची फाइल ठेवून गेलेल्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चाकणला गेलात, पण शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये तुमचं नाव रोज निघतं. पंप केसिंगचा नवा जॉब आला की पोरं ड्रॉइंगच्या आधी तुमचा सीएनसी प्रोग्रॅमच्या टेम्प्लेटचा (तयार साच्यांचा) फोल्डर उघडतात. (ड्रॉइंग आधी बघायचं असतं, हे तुम्ही ओरडून सांगाल. सांगतोय मीही.)

एम12 चं (12 मिमी आट्यांचं) होल म्हटलं की सेंटर ड्रिल, 10.2 चं ड्रिल, चॅम्फर (कड मोडणं), मग आटे पाडणारा टॅप. दर जॉबला हीच ऑपरेशन्स नव्यानं टाकायची आणि फीड-स्पीड आठवून भरायचे, असं चालायचं. तुम्ही तो क्रम फ्यूजन या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करून दिलात. आता होल निवडा, टेम्प्लेट लावा, झालं. पण एवढं कुठल्याही डेमोत दाखवतात.

तुम्ही आकड्यांच्या जागी सूत्रं लिहिलीत, त्याचं मोल आम्हाला वापरताना कळलं. फेसिंगच्या (वरची बाजू सपाट करण्याच्या) स्टेपओव्हरच्या, म्हणजे दर फेरीला कटर बाजूला किती सरकतो त्याच्या, रकान्यात 30 न लिहिता टूलच्या व्यासाच्या 0.6 पट लिहिलंत. 50 चा कटर काढून 63 चा लावला की स्टेपओव्हर आपसूक 37.8 होतो. आंधळ्या होलमध्ये टॅप तळाच्या तीन पिच (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आधी थांबतो. एम12 ला ते 5.25 मिमी, एम8 ला 3.75. कुणाला हिशेब करावा लागत नाही, आणि टॅप तळाला टेकून मोडत नाही.

त्याहून भारी तुमच्या नोंदी. ‘एफजी 260 (करडं बीड) साठी. एसजीला (चिवट बीड) हेच स्पीड लावू नको.’ ‘पहिला कट कास्टिंगच्या कडक सालीच्या खालून घे, नाहीतर इन्सर्ट (कटरची बदलायची धार) सालीवर घासून मरतो.’ ‘टेम्प्लेटला क्लॅम्प दिसत नाही, सिम्युलेशन बघितल्याशिवाय पोस्ट करायचं (मशीनचा कोड काढायचा) नाही.’ आपल्या लाइनीत प्रोग्रॅमला पासवर्ड लावून ठेवणारे पुष्कळ. का केलं ते लिहून ठेवणारे विरळाच. नव्या मुलाला आता फक्त बटण कळत नाही, कारणही कळतं. परवा एकानं एसजीचा जॉब बघून स्वतःहूनच स्पीड उतरवला. मी काही बोललो नव्हतो.

फोल्डरमध्ये थोडी भर आम्हीही घातली आहे. ॲल्युमिनियमच्या पॉकेटचा टेम्प्लेट तयार होतोय, पण पातळ भिंतीला फिनिशिंगमध्ये अजून चॅटर (थरथरीच्या खुणा) येतं. गावाकडे आलात की तेवढं बघून जा, तांबडा-पांढरा माझ्याकडे.

आणि एक. शेजारच्या शेडमधल्या प्रोग्रॅमरनं ही फाइल मागितली. तुम्हाला विचारणार होतो, पण तुम्ही काय म्हणाल ते माहीत असल्यानं नोंदींसकट देऊन टाकली.

आपला,
शिरोलीचा धाकटा