प्रेम आहे ना, मग थोडं वाचून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत प्रेमावर जे काही छापून येतं ते मी आवडीने वाचते, पण वाचून झालं की दर वेळी वाटतं यात सगळा कारभार डोळ्यांचाच आहे. ती पहिल्यांदा कशी दिसली, तो कसा हसला, फोटो, कपडे, मग गिफ्ट काय द्यायचं. ठीक आहे, सुरुवातीला तसंच असतं. पण एकत्र राहायला लागलं की माणूस दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो ना! दुसऱ्या खोलीतून येणारी पावलं, कुलपात फिरणारी किल्ली, खाकरणं, कपाट लावायची पद्धत, यावरूनच कळतं कोण आलंय आणि आज खुशीत आहे की दमलाय, मान वर करून बघायची पण गरज पडत नाही. या कानाच्या प्रेमावर कुणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मला एकच सांगायचंय. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला रोज थोडं मोठ्याने वाचून दाखवा. लहान मुलांना आपण वाचून दाखवतोच, ती स्वतः वाचायला शिकली की बंद करतो, आणि मग पुढचं अख्खं आयुष्य एकाच घरात सगळे आपापलं पुस्तक नाहीतर आपापला फोन घेऊन गप्प. मोठ्यांनी मोठ्यांना वाचून दाखवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आमच्याकडे मी वाचते आणि नवरा कपड्यांच्या घड्या घालतो, कधी उलटं, आणि दिवसभर एकमेकांशी फक्त बिलं, औषधं, उद्या कोण लवकर निघणार एवढंच बोललेली आम्ही दोघं त्या वेळात अचानक भलत्याच विषयावर बोलायला लागतो, कारण गोष्टीतला कुणीतरी असं का वागला यावरून वाद होतो आणि त्या वादात आपल्या माणसाच्या मनातलं असं काही बाहेर येतं जे सरळ विचारलं असतं तर कधीच आलं नसतं.

आवाजाची ओढ किती जुनी आहे बघा. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन अमेरिकन संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांना चोखायला चोखणी दिली आणि अशी सोय केली की चोखायची लय बदलली की एकतर आईचा आवाज ऐकू येईल नाहीतर दुसऱ्या बाईचा. तीन दिवसांच्या आतली बाळं ती, पण आईचा आवाज मिळावा म्हणून त्यांनी चोखायची लय बदलली! पुढे 1986 मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर बायकांना शेवटच्या आठवड्यांमध्ये रोज एकच उतारा मोठ्याने वाचायला सांगितला आणि जन्मानंतर बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा तोच ओळखीचा उतारा जास्त पसंत केला. शब्दाचा अर्थ कळणं तर लांबच, पण कुणीतरी वाचतंय ही लय मात्र बाळ पोटातच शिकून येतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

आणि मनात वाचणं आज आपल्याला इतकं सवयीचं झालंय की तीच मूळ रीत असावी असं वाटतं. चौथ्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती संताने मिलानच्या बिशप अँब्रोजबद्दल मुद्दाम लिहून ठेवलंय की वाचताना त्यांचे डोळे पानावरून फिरायचे पण आवाज आणि जीभ गप्प असायची. म्हणजे ही गोष्ट त्याला लिहून ठेवण्यासारखी वाटली! क्युबात तर 1865 पासून हवानाच्या सिगार कारखान्यांमध्ये कामगार हाताने सिगार वळत बसायचे आणि एक जण त्यांना पेपर, कादंबऱ्या वाचून दाखवायचा, त्याचा पगार कामगारच आपसात वर्गणी काढून द्यायचे. हात कामात, डोळे कामात, कान मोकळे. आपल्या घरात रोज संध्याकाळी दुसरं काय असतं हो? भांडी, इस्त्री, निवडणं टिपणं, यात कान रिकामेच असतात.

आता कुणी म्हणेल ऑडिओबुक आहेत की. आहेत, आणि ज्याला दिसत नाही किंवा जो एकटा राहतो त्याच्यासाठी तर फारच मोलाची आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही. वाचणारा माणूस थांबतो, तुम्ही हसलात की तो पण हसतो, त्याला काही लागलं की त्याचा आवाज अडकतो. मोठ्याने वाचताना आपले डोळे आवाजाच्या थोडे पुढे असतात, तोंडात हा शब्द असतो तेव्हा नजर पुढच्या शब्दांवर पोचलेली असते. म्हणून वाईट बातमी पानावर पुढे असेल तर ती उच्चारायच्या आधीच वाचणाऱ्याचा आवाज बदलतो आणि ऐकणारा, तो जर आपला असेल तर, लगेच सावध होतो. या अर्ध्या क्षणात दोघांमध्ये जे होतं ना, मला वाटतं जवळीक म्हणजे तेच.

वेळ जास्त लागतो हे मान्य. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलं होतं की इंग्रजीत मोठी माणसं कथा-कादंबऱ्या सोडून इतर मजकूर मनात मिनिटाला साधारण 238 शब्द वाचतात आणि मोठ्याने 183. पण मला तर हाच फायदा वाटतो. कुणी पुढे पळत नाही, कंटाळवाणं वर्णन म्हणून पान उलटत नाही, दोघं एकाच ओळीवर असतात. दिवसभरात आपण दोघं एकाच ओळीवर कधी असतो?

नाकाचं पण सांगते थोडं. शेजारी बसून जुनं पुस्तक उघडलं की जो वास येतो तो कागदातली लिग्निन आणि सेल्युलोज ही लाकडातून आलेली द्रव्यं हळूहळू तुटल्यामुळे येतो, त्यात व्हॅनिलीन पण असतं, व्हॅनिलाच्या वासातलं तेच, म्हणून तो वास गोडसर लागतो. आणि वासाचा निरोप मेंदूत इतर इंद्रियांसारखा आधी थॅलॅमसमधून, म्हणजे निरोप पुढे वाटून देणाऱ्या मेंदूतल्या केंद्रातून, जात नाही, तो जवळजवळ थेट भावना आणि आठवणींच्या भागात पोचतो. त्यामुळे पुस्तक, त्याचा वास, शेजारच्या माणसाचा खांदा आणि त्याचा आवाज हे सगळं एकाच आठवणीत जातं. फोनवर वाचलं तर एवढं सगळं येत नाही असं माझं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकतं.

पण सगळ्यात जास्त मला घरातल्या वयस्कर माणसांबद्दल बोलायचंय. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं, चष्म्याने पुष्कळ वर्षं भागतं, पण पुढे मोतीबिंदू, हात थरथरणं, पुस्तकाचं वजन पेलवत नाही, आणि मग आयुष्यभर वाचणारं माणूस हळूच वाचन सोडून देतं आणि कुणाला सांगतसुद्धा नाही. आपण जेवण देतो, गोळ्या देतो, डॉक्टरकडे नेतो, पण त्यांचं पुस्तक बंद झालंय हे आपल्या लक्षातच येत नाही. त्यांना वाचून दाखवा ना. ऐकू कमी येतं म्हणून ओरडून वाचू नका. वयाने कमी होतं ते आधी वरच्या पट्टीचं ऐकणं, त्यामुळे स, श, फ असे आवाज निसटतात आणि शब्द अर्धवट पोचतो, नुसता आवाज वाढवून तो पूर्ण होत नाही. समोर बसा, ओठ दिसू द्या, टीव्ही आणि पंख्याची घरघर बंद करा, सावकाश वाचा. मध्येच डोळा लागला तर लागू द्या, तुमच्या आवाजात झोप लागली याच्यासारखं दुसरं कौतुक नाही, दुसऱ्या दिवशी एक पान मागे जाऊन सुरू करायचं.

नाटकी आवाज काढायची काही गरज नाही, अडखळलात तरी चालतं. काय वाचायचं याचं पण टेन्शन नको, कविता, प्रवासवर्णन, जुनी पत्रं, पेपरातला अग्रलेख, काहीही. फक्त ऐकणाऱ्याला आवडेल ते निवडा, आपल्याला त्याला शिकवावंसं वाटतं ते नको.

आणि म्हणूनच तुम्हाला एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा पुरवणीत एक मजकूर असा द्या जो घरात मोठ्याने वाचायलाच लिहिलेला असेल. दहा मिनिटांत संपेल एवढा, टाइप जरा मोठा, वाक्यं एका श्वासात म्हणता येतील अशी. लेखकांना सांगा की आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा आणि मगच पाठवा. आणि कृपा करून तो सगळा एकाच पानावर छापा, ऐन रंगात आल्यावर ‘उर्वरित मजकूर आतल्या पानावर’ असं नको, कारण तिथे वाचणारा पानं चाळत बसतो आणि ऐकणारा उठून जातो.

आपली नियमित वाचक