पडवीचा खांब अजून काढू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, पडवीच्या खांबाला खालून वाळवी लागली म्हणून सगळी पडवीच पाडून स्लॅब घालायचं तुम्ही ठरवताय, असं आई फोनवर म्हणाली. तेच डोक्यात घेऊन रविवारी ग्रीनस्टेडला जाऊन आलो. लंडनहून एपिंगपर्यंत ट्रेन, पुढे ऑंगरला बस आणि मग मैलभर चाल. गाव कसलं, वाडीच ती. पण तिथलं सेंट अँड्र्यूज चर्च युरोपातल्या सगळ्यांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये धरतात.

भिंती ओकच्या ओंडक्यांच्या. ओंडका उभा फाडायचा, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, असे एकाला एक लावून उभे केलेत. फटीतून वारा येऊ नये म्हणून काठांना खाच पाडून मध्ये लाकडाची पट्टी सरकवलीय. आतून हात फिरवला तर वाकसाचे घाव अजून बोटांना लागतात. पूर्वी ही लाकडं ८४५ सालची सांगायचे. पुढे लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून तपासली, तेव्हा अकराव्या शतकाचा उत्तरार्ध निघाला. वय दोनशे वर्षांनी उतरलं, तरी शिवाजी महाराजांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षं!

पण खरी गंमत पायाशी आहे. हे ओंडके आज जमिनीला टेकतच नाहीत. १८४८ च्या सुमारास दुरुस्ती झाली, तेव्हा खालचं कुजलेलं तेवढं कापलं, विटांचं बुटकं जोतं बांधलं आणि वरचं जुनं लाकूड त्यावर बसवलं. मी उकिडवा बसून तो सांधा बघत होतो, तर एक आजीबाई काही हरवलंय का म्हणून विचारायला आल्या. बाकी, गाभारा विटांचा, मनोरा पांढऱ्या फळ्यांचा. लांबून ठिगळं लावल्यासारखंच दिसतं.

तुमच्यातल्या युनियनवाल्यासाठी आणखी एक. मजुरी कापली जात होती म्हणून इंग्लंडच्याच डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी संघटना काढली. गुप्त शपथ घेतली, हे निमित्त करून १८३४ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं. माफी मिळून परतल्यावर त्यांतले काही जण इथल्या शेतांवर राहिले. जेम्स ब्राइनचं लग्न १८३९ मध्ये याच चर्चमध्ये लागलं. आई, नवरी सोबतच्याच कैद्याची मुलगी, बरं का!

आता कामाचं. बाबा, खांब खालून वर हातोडीने ठोकत जा आणि पोकळ आवाज कुठपर्यंत येतो तिथे खडूने खूण करा. वीतभरच असेल तर तेवढं कापून खांबाखालचा दगड, तळखडा, उंच करता येईल. फोटो पाठवा. मी मे महिन्यात येईपर्यंत स्लॅबवाल्याला उचल देऊ नका.

तुमचा,
बंड्या