विषय : सोमवारची ४,१८६ पावलं रविवारी जमा केल्याबद्दल आणि पाच दिवसांच्या नोंदी पुसल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

महोदय,

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी चौथ्यांदा बोलून झालं, म्हणून आता लेखी. घड्याळ कोणतं, ॲप कोणतं आणि गेल्या महिन्यात कुठलं अपडेट आलं हे तुम्हाला सांगायला नको, माल तुमचाच आहे. माझ्याकडे तक्रार क्रमांक मात्र चार आहेत, कारण दर वेळी आधीची तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद होते. निवारण कोणाचं झालं ते कळवलं जात नाही.

मी साताऱ्यात राहतो. रोज पहाटे ४:५० ला घरातून निघून चार भिंती स्मारकावरून अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याने वर जातो आणि सहा-सव्वासहाला परत येतो. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून डॉक्टरांनी रोजची पावलं आणि विश्रांतीच्या वेळचे ठोके लिहून आणायला सांगितलंय. फोन घरीच असतो. घड्याळ नोंदी स्वतःच्या पोटात साठवतं आणि घरी आलो की ब्लूटूथवरून ॲपकडे देतं, असं तुमच्याच माहितीपत्रकात आहे. त्याच एका वाक्यावर ११,४९९ रुपये मोजले.

अपडेट आल्यावर हे देणं, म्हणजे सिंक, ९९ टक्क्यांवर अडकलं. एक दिवस नाही, पाच दिवस. तुमच्या माणसाने सांगितलं, लोकेशन चालू करा. माझा फोन अँड्रॉइड १४ चा आहे. लोकेशनची ती अट जुन्या फोनना होती, अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी असते, हे मला माझ्या अकरावीतल्या नातीने सांगितलं. ती परवानगी दिलेली होती. बॅटरी बचतीतून ॲप वगळलेलं होतं. तरी लोकेशन चालू केलं. मग तो म्हणाला, घड्याळ फॅक्टरी रिसेट करा. मी दोनदा विचारलं, आतल्या नोंदी जातील का? "नाही सर, सगळा डेटा क्लाउडवर सेफ असतो."

घड्याळातून फोनमध्ये आलेलंच नाही ते क्लाउडवर कुठून जाणार? ट्रकमधून न उतरलेला माल गोदामात शोधायचा का? हे तेव्हा मला सुचायला हवं होतं, ही माझी चूक. तुमच्या प्रशिक्षित माणसालाही सुचलं नाही, ती कोणाची? रिसेट केलं, पाच दिवसांच्या नोंदी गेल्या. नेमक्या त्याच आठवड्यात गोळीचा डोस बदलला होता आणि ठोके किती राहतात तेच डॉक्टरांना बघायचं होतं. पावलं मी वहीत लिहितो, पण झोपेतले ठोके वहीत कोण लिहिणार?

सिंक सुरू झालं, आणि खरी गंमत त्यानंतर कळली.

गुडघा दुखत होता म्हणून रविवारी मी घराबाहेर पडलो नाही. झोपताना ॲपमध्ये ६१२ पावलं होती, ती वहीत आहेत. सोमवारी चालून आलो तेव्हा घड्याळात त्या फेरीची ९,४१२ पावलं. सिंक केलं. ॲपमध्ये सोमवार ५,२२६. आणि रविवार, जो मी आरामखुर्चीत काढला, तो एकदम ४,७९८ वर! वजाबाकी करून बघा, ४,१८६ येतात. त्यात ५,२२६ मिळवले की पुन्हा ९,४१२.

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं होतो, त्यातली शेवटची बारा अंतर्गत तपासणीत. रक्कम बरोबर आणि तारीख चुकीची असेल तर आमच्याकडे चौकशी लागायची. म्हणून बुधवारी तपासणी केली. मुद्दाम ५:२५ ला बाहेर पडलो, मोजून शंभर पावलं चाललो आणि ५:२९ ला कठड्यावर बसलो. ५:३२ ला उठून दोनशे चाललो. घरी येऊन सिंक केलं. शंभर मंगळवारात, दोनशे बुधवारात. (रोज भेटणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, बरं वाटत नाही का? ऑडिट चालू आहे म्हटलं.)

कारण सांगायला इंजिनिअर लागत नाही. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्या वेळेनुसार मध्यरात्र होते तेव्हा इथे पहाटेचे ५:३० वाजतात. तुमचा सर्व्हर त्या वेळेने दिवस बदलतो आणि नव्या अपडेटमध्ये कोणीतरी ते साडेपाच तास मिळवायला विसरलंय. दिवसा चालणाऱ्यांच्या हे लक्षातही येणार नाही. आम्हा पहाटेच्या लोकांची अर्धी फेरी मात्र रोज आदल्या दिवसाच्या नावावर चढते.

हे सगळं आज फोनवर सांगितलं. आता तो फोन.

मराठीसाठी ३ दाबा म्हणाले, ३ दाबला. बावीस मिनिटं सतारीची एकच ओळ ऐकली, ती आता मला पेटीवर वाजवता येईल. मग हिंदीत प्रश्न आला, "लोकेशन ऑन है क्या सर?" वरिष्ठांना द्या म्हटलं. वरिष्ठ मराठी निघाले, आवाजावरून पंचविशीचे.

"काका, पहाटे पाच वाजता तुम्ही नक्की चाललातच ना?"

हो म्हटलं.

"नाही, कधी कधी झोपेत हात हलला तरी काउंट होतं."

चार हजार वेळा? म्हटलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग, "काका, सिस्टिमला दिसतंय की ती पावलं तुम्ही रविवारीच चाललात."

रविवारी मी घरात होतो, असं मी सांगितलं. त्यावर हा मुलगा अगदी मायेने, हो, मायेने म्हणाला, "आठवत नसेल काका. या वयात होतं. माझ्या आजोबांचंही असंच आहे. ॲपमध्ये दिसतं तेच फायनल धरायचं."

त्याच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. पण रोकड हातात मोजलेली असताना खतावणी म्हणते तेच खरं धरा, असं आमच्या रोखपालाने म्हटलं असतं तर तो संध्याकाळपर्यंत निलंबित झाला असता. आणि पाच दिवस तुम्ही पुसायचे, तारखा तुम्ही चुकवायच्या, वर विसराळू मी? फोन ठेवताच मेसेज आला, 'आमच्या सेवेला १ ते ५ पैकी किती गुण द्याल?' शून्याची सोय ठेवलेली नाही.

हे घड्याळ मी कौतुकाने घेतलं होतं. माझं बघून पहाटेच्या मंडळींतल्या तिघांनी घेतलं. त्यातल्या एकाची सकाळ अशीच कापली जाते, आणि तो तुम्हाला नाही, मला बोलतो.

पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर हवं आहे. तारखेचा घोळ कधी दुरुस्त होणार आणि मागच्या नोंदी योग्य दिवसावर येणार की नाही, ते त्यात असावं. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि तिथून जिल्हा आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि मी निवृत्त माणूस आहे, वेळही भरपूर आहे. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, ते माझ्याकडे चार वेळा आलेलं आहे.

आपला,
एक ग्राहक (तक्रार क्रमांक चारही तुमच्या दप्तरी आहेत)

सोबत : वहीची तीन पानं, ॲपचे सात स्क्रीनशॉट, खरेदीची पावती.

ता. क. पाच दिवसांच्या ठोक्यांचं काय झालं, हे वर लिहिलं आहे. परत लिहितो. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, त्यांना काय सांगू तेही उत्तरात लिहा.