शल्कीची जागा आजच ठरवा

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

भारतात बांधलेली पहिली पाणबुडी मुंबईत, माझगाव डॉकमध्ये तयार झाली. तिचं नाव आयएनएस शल्की. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि आता तिने तिशी ओलांडली आहे. आज ना उद्या तिचा झेंडा उतरणार. त्यानंतर ती कुठे जाणार हे आपण आत्ताच ठरवावं, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे.

मी पाणबुडीत नोकरी केलेला मालवणकडचा माणूस, इलेक्ट्रिकलचा. माझा थोरला भाऊ माझगाव डॉकमध्ये वेल्डर होता. शल्कीचं काम त्याच्या हातचं. जोडाचा एक्स-रे काढायचे आणि त्यात बारीकसा दोष दिसला तरी तेवढा जोड कोरून पुन्हा भरावा लागायचा. भाऊ घरी येऊन मुकाट जेवला की वहिनी ओळखायची, आज एक्स-रे नापास झालाय. पुढे ज्या करारातून या पाणबुड्या जर्मनीकडून घेतल्या, त्या खरेदी करारावर लाचखोरीचे आरोप झाले, मागून बांधायच्या बोटी रद्द झाल्या. १९९४ साली तिची जोडीदार बोट शंकुल दाखल झाली आणि काम थांबलं. तयार झालेले हात दुसऱ्या कामांना पांगले. माझगावची पुढची पाणबुडी, नवी कलवरी, नौदलात यायला २०१७ उजाडलं. ही २३ वर्षं शल्की आणि शंकुलनेच सांगितलं की मुंबईला पाणबुडी बांधता येते.

आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो. साधारण ६४ मीटर लांब बोट, त्यात चाळीसेक माणसं, यंत्रं, बॅटऱ्या, टॉर्पेडो. एक जण ड्युटीवर उठला की त्याच्याच गरम बंकवर दुसरा आडवा व्हायचा. गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, आंघोळ बंदराला लागल्यावर. बॅटऱ्या चार्ज करायला रात्री स्नॉर्कल, म्हणजे हवा घ्यायची नळी, पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिनं चालवायची. मोठी लाट आली की स्नॉर्कलची झडप बंद होते आणि इंजिनं बोटीतलीच हवा ओढायला लागतात. झोपेतसुद्धा कानांत दडे बसायचे, मग झडप उघडली की कान मोकळे. सुट्टीवर आलो की आई माझे कपडे परसात वेगळे काढायची. तीन पाण्यांतून काढले तरी डिझेलचा वास जायचा नाही. ‘तुझ्या अंगाक एस्टीच्या डेपोचो वास येता,’ म्हणायची. कुठे होतास, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही. मला सांगता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

शल्कीत एक पोलादी गोल आहे. बोट तळाशी अडकली तर अख्ख्या खलाशांनी त्यात शिरायचं, गोल सुटून वर येतो. चाळीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून त्यात बसतात. शाळेतल्या पोरांना त्या गोलात दोन मिनिटं बसवा, पाणबुडी म्हणजे काय ते मला वेगळं सांगावं लागणार नाही.

महोदय, घाई का, तेही सांगतो. जुनी विमानवाहू विक्रांत ११ वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागेत, तिचे तुकडे झाले, तिच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी आपल्याच राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींची योजना मंजूर केली होती, निवतीजवळ, आमच्या दारात. २०२० च्या सप्टेंबरात ती गुजरातेत अलंगला तोडायला गेली. तमिळनाडूत मामल्लपुरमला वागली ही पाणबुडी ठेवायची योजना रखडली ती रखडलीच. आणि माझगाव डॉक ते दारूखाना हे अंतर किती? डॉकयार्ड रोड ते रे रोड, एक स्टेशन. शल्कीच्या बाबतीत ते एक स्टेशन मला रात्री झोपू देत नाही.

विशाखापट्टणमने मात्र करून दाखवलं. २००१ साली निवृत्त झालेली पाणबुडी कुरसुरा त्यांनी समुद्रातून ओढून रामकृष्ण बीचवर आणली आणि २००२ पासून लोक तिच्या आतून चालत जातात. आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक उभे असतात. १३-१४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या गोदीत फुटली, आमचे १८ जण गेले. ते मुंबईत गेले, आणि ते कुठल्या जागेत राबत होते हे बघायला मुंबईकराला बंगालच्या उपसागराचा किनारा गाठावा लागतो.

गुलदार ही निवृत्त युद्धनौका निवतीला समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा बेत आहे, त्याचं मला कौतुकच आहे. शल्कीला मात्र कोरड्या जमिनीवर ठेवा, तिच्या आत शिरता आलं पाहिजे.

संरक्षण मंत्रालयाला आजच लेखी कळवा की निवृत्तीनंतर ही बोट महाराष्ट्राला हवी आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची जागा मुंबई बंदराची आहे, त्यांच्याशी बोलणी सुरू करा. खाऱ्या हवेत पोलाद दरवर्षी रंग मागतं, तेव्हा देखभालीचा पैसा उद्घाटनाच्या खर्चापासून वेगळा राखून ठेवा. माहिती सांगायला माणसं लागतील, तर आम्ही पुष्कळ जण अजून धडधाकट आहोत.

भाऊ आता ७८ वर्षांचा आहे. ज्या बोटीचे जोड त्याने भरले, ती समुद्रावर गेल्यापासून तिच्या आत त्याला पाऊल टाकता आलेलं नाही. आपलं उत्तर आलं की ते त्याला वाचून दाखवेन.

आपला,
एक निवृत्त पाणबुडी नौसैनिक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग