ते रडणे खोटे नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दूरचित्रवाणीवरच्या गुणवत्ता-स्पर्धांच्या चित्रफिती पाहून जगभरचे लोक डोळे पुसत बसतात, हा तुझ्या मते निव्वळ धंदा आहे. आणि सुसान बॉइलची ती चित्रफीत पाहताना मी दर वेळी रडतो हे कळल्यावर तू मला भाबडा ठरवून मोकळा झालास. भाबडेपणाचा आरोप मान्य आहे. ते रडणे खोटे आहे, हे मात्र मान्य नाही, आणि का नाही ते सवडीने लिहावे म्हणून आज बसलो आहे.

प्रसंग तुला ठाऊक आहेच. ११ एप्रिल २००९ रोजी प्रसारित झालेल्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या भागात ४७ वर्षांची एक साधी बाई मंचावर येते आणि आपल्याला इलेन पेजसारखी गायिका व्हायचे आहे असे सांगते. हे बोलणे चालू असतानाच प्रेक्षकांतली एक मुलगी डोळे फिरवताना आपल्याला दाखवली जाते. मग ती बाई 'ले मिझराब्ल' या संगीतिकेतले फान्तीन या पात्राच्या तोंडचे गाणे सुरू करते, आणि पहिली ओळ पुरी होते न होते तोच टाळ्यांचा कडकडाट होतो.

गेल्या आठवड्यात मी एक उद्योग केला. आधी डोळे मिटून नुसते गाणे ऐकले. आवाज उत्तमच आहे, पण माझे डोळे कोरडे राहिले. मग आवाज पूर्ण बंद करून नुसते पाहिले, आणि परीक्षकांच्या भुवया वर गेल्या त्या क्षणी माझा गळा दाटून आला. म्हणजे मला रडवतात ते सूर नव्हेत, तर ते ऐकणाऱ्यांचे चेहरे. इथपर्यंत तुझेच खरे ठरते, कारण ते चेहरे कुठे आणि किती वेळ दाखवायचे हे संकलकाच्या हाती असते. शिवाय परीक्षकांपुढे उभे राहण्याआधी अशा स्पर्धकांची निर्मात्यांसमोर एक फेरी झालेली असते, त्यामुळे बाईचा गळा कसा आहे हे पडद्यामागच्या मंडळींना कळून चुकलेले असते. अंधारात असतो ते आपण.

यात नवे असे फारसे काही नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी 'क्लाक' नावाची टोळी बसवत, आणि तिच्यात नेमक्या जागी रुमाल डोळ्यांना लावणाऱ्या बायकाही असत. आपण तेच काम फुकट करतो, एवढाच फरक.

पण मांडणी रचलेली आहे म्हणून रडणेही रचलेले, असे होत नाही. गाणे संपल्यावर परीक्षक अमांडा होल्डन यांनी सर्वांसमोर कबूल केले, की सगळे तुमच्या विरोधात होते आणि आम्ही सगळेच कुत्सितपणे पाहत होतो. माझ्या मते त्या अश्रूंचे मर्म या कबुलीत आहे. ते कौतुकाचे कमी आणि माफीचे अधिक असतात: मनातल्या मनात आपणही त्या मुलीसारखेच डोळे फिरवलेले असतात, आणि चार मिनिटांत त्या अपराधातून सुटका झाली म्हणून भरून येते. मात्र ही माफी आपल्याला फार स्वस्तात पडते. ती बाई बेसूर गायली असती तर आपण पोटभर हसलो असतो आणि रात्री शांत झोपलो असतो.

आणि हा पश्चात्ताप टिकतो तरी किती? २००७ साली याच कार्यक्रमात, याच तीन परीक्षकांपुढे, मोबाइल फोन विकणारा पॉल पॉट्स ऑपेरा गायला होता. तेव्हाही सगळे असेच चकित झाले होते आणि तो स्पर्धा जिंकला होता. दोन वर्षांनी प्रेक्षक पुन्हा हसायला तयार! बॉइलबाईंचे पुढे काय झाले तेही आठव. चित्रफीत गाजल्यापासून सात आठवड्यांनी, ३० मेच्या अंतिम फेरीत, 'डायव्हर्सिटी' या नृत्यसमूहाने बाजी मारली, त्या दुसऱ्या आल्या, आणि लगेच थकव्यामुळे त्यांना उपचारांसाठी दाखल करावे लागले. नोव्हेंबरात आलेला त्यांचा पहिला अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अव्वल ठरला, हे खरे; पण ज्यांच्या नावाने जग रडले, त्यांना ते रडणे झेपले का, हा विचार रडताना माझ्याही मनात आला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला अजून नीटशी उलगडलेली नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी गाण्याच्या पहिल्या ओळीला रडलो होतो. आता पुढचे सगळे पाठ असताना माझे डोळे त्याआधीच भरून येतात. ती मुलगी डोळे फिरवते आणि बाईंनी अजून तोंडही उघडलेले नसते, तिथेच. धक्क्याने रडावे तर धक्का उरलेला नाही. तूही एकदा आवाज बंद करून पाहा, आणि रडू आलेच तर नेमके कोणत्या चेहऱ्यापाशी आले, ते मला लिही. नाही आले तर तसेही लिही; मी वाद घालणार नाही.

तुझा,
भाबडा मित्र