कोटेशनमध्ये हायब्रिड, भिंतीवर ऑन-ग्रिड : घरगुती सौर संचाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मान्य कोटेशनपेक्षा वेगळा इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी बसवल्याबाबत तक्रार व बदलून देण्याची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीने दि. १२ जानेवारी रोजी दिलेल्या कोटेशननुसार मी दापोली तालुक्यातील माझ्या राहत्या घरासाठी ३ किलोवॅटचा सौर संच, हायब्रिड (म्हणजे बाहेरची वीज गेल्यावरही पॅनेल व बॅटरीवर घर चालवणारा) इन्व्हर्टर आणि ४८ व्होल्ट वर्गातील ५.१२ युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यांची मागणी नोंदवली होती व ठरलेली ३ लाख ३८ हजार रुपयांची संपूर्ण रक्कम आपल्याला चुकती केली आहे. प्रत्यक्षात माझ्या घरी ऑन-ग्रिड (म्हणजे बाहेरची लाईन गेली की बंद पडणारा) इन्व्हर्टर बसवण्यात आला असून बॅटरीच्या जागी साधा घरगुती यूपीएस आणि १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर (ॲसिडच्या) बॅटऱ्या ठेवण्यात आल्या आहेत. आपल्या बिलात यांचा उल्लेख केवळ ‘सोलर इन्व्हर्टर’ आणि ‘बॅटरी बॅकअप सिस्टिम’ असा मोघम असल्याने हा बदल माझ्या वेळीच लक्षात आला नाही.

हा फरक माझ्यासाठी किती मोठा आहे, हे कळण्यासाठी मी हा संच का घेतला ते सांगणे आवश्यक आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत वीज परत यायला तीन आठवडे लागले होते. खांब आणि माड एकमेकांवर पडले होते, आणि तारा ओढणारी माणसे दिवसरात्र राबत असूनही काम उरकत नव्हते. माझी आई मधुमेही आहे व तिचे इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवावे लागते. त्या तीन आठवड्यांत ते बर्फात ठेवून टिकवण्यासाठी जी धावपळ झाली, ती पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणून मी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून हा खर्च करायचे ठरवले.

खर्चाची मर्यादा मी पहिल्याच भेटीत आपल्या प्रतिनिधींना सांगितली होती. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला मिळणारे ७८ हजार रुपयांचे अनुदान वजा जाता माझ्या खिशातून २ लाख ६० हजारांपेक्षा अधिक जाणार नाहीत, असा तो हिशेब होता. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर मिळत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच आता एकच बॅटरी घ्यावी आणि पैसे जमतील तेव्हा दुसरी तिला समांतर जोडावी, असे मी ठरवले होते. हे सारे ज्या हायब्रिड इन्व्हर्टरवर अवलंबून होते, नेमका तोच आपण बदललात.

विजेच्या गरजेचा तक्ताही मी त्याच वेळी लिहून दिला होता व त्यावर आपल्या प्रतिनिधींची सही आहे. संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत ३० वॅटचे तीन पंखे नऊ तास, ९ वॅटचे सहा दिवे पाच तास, सरासरी ६० वॅट घेणारा फ्रिज आणि इंटरनेटचा राउटर असे सर्व धरून रात्रीची गरज सुमारे दोन युनिट होते. विहिरीवरचा अर्धा अश्वशक्तीचा पंप दिवसा उन्हावरच चालवायचा होता. लिथियम बॅटरीची ८० टक्के क्षमता वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट वजा केली, तरी साडेतीन युनिटांहून अधिक वीज हाती राहते, म्हणजे रात्र निभावून शिल्लक उरते. स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देणाऱ्या पॅनेलांनी ढगाळ दिवशी त्याचा चौथा हिस्सा दिला, तरी तीन युनिटांत बॅटरी पुढच्या रात्रीपुरती भरते. आपण ठेवलेल्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांची क्षमता कागदावर ३.६ युनिट असली, तरी त्यांचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरता येते आणि यूपीएसमधली घट धरता दीड युनिटाच्या आसपासच वीज हाती लागते. त्यात एक रात्रही नीट निघत नाही. शिवाय हा यूपीएस केवळ महावितरणच्या विजेवर चार्ज होतो. पॅनेलांशी त्याचा काहीही संबंध जोडलेला नाही.

याचा प्रत्यय मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. वळवाच्या पावसात झाड तारांवर पडून रात्री आठ वाजता वीज गेली आणि पहाटे पाचच्या सुमारास यूपीएस बंद पडला. सकाळी दहानंतर आभाळ मोकळे होऊन गच्चीवर लख्ख ऊन पडले होते, सहाही पॅनेल तळपत होते, आणि घरात एक दिवासुद्धा लागत नव्हता. वीज एकूण एकतीस तासांनी आली. दुपारी मला आईचे इन्सुलिन बर्फाच्या डब्यात घालून, जनरेटर असलेल्या एका परिचितांच्या दुकानात ठेवायला जावे लागले.

आपल्या तंत्रज्ञांना फोन केला असता ‘लाईन आली की आपोआप सुरू होईल’ असे उत्तर मिळाले. वीज गेल्यावर ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने बंद पडणे हे योग्यच आहे, अन्यथा खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका होईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हायब्रिड इन्व्हर्टर अशा वेळी घर बाहेरच्या लाईनपासून वेगळे करून सूर्याची वीज घरातल्या ठरावीक सर्किटांना देतो आणि तेवढ्यासाठीच मी त्याचे अधिक पैसे मोजले होते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवल्या आहेत. ॲसिडच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात, त्यांना मोकळी हवा लागते. ही गोष्ट बसवणाऱ्यांना माहीत नसेल असे मी मानत नाही. बदलाचे काम होईपर्यंत त्या निदान पडवीत हलवून द्याव्यात.

माझी मागणी अशी आहे की, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत कोटेशनमध्ये लिहिलेला हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी कोणतीही जादा रक्कम न घेता बसवून द्यावी, आताचा यूपीएस व बॅटऱ्या परत न्याव्यात, आणि नव्या बिलात प्रत्येक वस्तूचे मॉडेल, अनुक्रमांक व हमीचा कालावधी स्पष्ट लिहावा. नेट मीटरच्या (घेतलेली आणि लाईनला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदपत्रांत जुन्या इन्व्हर्टरची नोंद असल्याने महावितरणकडे करावा लागणारा बदलही आपणच करून द्यावा. हे शक्य नसेल, तर दोन्ही संचांच्या किमतीतील फरक वस्तुनिहाय दाखवून परत करावा. कोटेशन, सही केलेला तक्ता, बिल आणि भिंतीवरील यंत्रांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मुदतीत दखल न घेतल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्यावाचून माझ्यापुढे मार्ग राहणार नाही.

काम पूर्ण झाल्यावर आपल्या तंत्रज्ञांनी भर दुपारी माझ्यासमोर घराचा मेन स्विच बंद करावा आणि पंखे, फ्रिज व पंप पॅनेलांवर चालतात हे दाखवावे. तसे झाले तरच मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करीन. येण्याची तारीख दोन दिवस आधी कळवावी, म्हणजे त्या दिवशी फ्रिजमधल्या औषधाची सोय मला करून ठेवता येईल.

आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक
ता. दापोली, जि. रत्नागिरी