टॉमी बोलिनसाठी एक भांडण

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "बोलिन म्हणजे तोच गिटारवाला ना, ब्लॅकमोरनं बँड सोडल्यावर डीप पर्पलमध्ये आलेला?" ऑफिसात होतो म्हणून गप्प बसलो. आता भांडतो.

अरे, त्या ब्रिटिश रॉक बँडमध्ये तो वर्षभरही नव्हता. खरा टॉमी हवा असेल तर मे १९७३ मध्ये न्यूयॉर्कला जा. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जाझ-रॉक बँडचा ड्रमर बिली कॉबम स्वतःचा 'स्पेक्ट्रम' हा अल्बम रेकॉर्ड करत होता. जाझ कोळून प्यायलेल्या त्या माणसानं गिटारवर बसवला हा आयोवातल्या सू सिटीचा २१ वर्षांचा रॉकवाला पोरगा!

त्यातलं 'स्ट्रेटस' लाव. पहिली तीनेक मिनिटं सिंथेसायझरचा घुमारा आणि ड्रम, बस. चुळबुळ करून पुढे ढकलू नकोस. मग ली स्क्लारचा बास येतो आणि जागचा हलत नाही, तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा धरतो ना, अगदी तसा. त्यावर टॉमी सुटतो. बोटं रॉकचीच, वाकवलेला सूर रॉकचाच, पण वाक्य कुठे संपेल याचा नेम नाही. शिवाय इकोप्लेक्स, म्हणजे वाजवलेला सूर टेपवर धरून परत ऐकवणारा डबा. लोक तो गाण्याला चव यावी म्हणून वापरायचे. हा पठ्ठ्या त्याचंच वाद्य करायचा.

पर्पलबरोबरचा अल्बम 'कम टेस्ट द बँड' मला आवडतो, तू नाक मुरड खुशाल. पण डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोला टॉमीचा डावा हात धड चालेना. पर्पलच्याच जॉन लॉर्डनं ऑर्गनवर किती गिटार भरून काढली, ते त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डवर ऐकू येतं. मी ते एकदाच ऐकलंय. हेरॉइन तोवर पुरतं मानगुटीवर बसलं होतं. मार्चमध्ये बँडच मोडला.

आणि मला छळते ती गोष्ट वेगळीच. 'स्पेक्ट्रम' ऐकून ज्यांचे कान फिरले त्यांत इंग्लंडचा नामवंत गिटारवाला जेफ बेक होता. तो गाण्याबिण्याचा नाद सोडून फ्यूजनकडे, म्हणजे जाझ-रॉकच्या मिश्रणाकडे वळला, 'स्पेक्ट्रम'वर कीबोर्ड वाजवणाऱ्या यान हॅमरलाही आपल्याकडे घेतलं. ३ डिसेंबर १९७६ ला मायामीत बेकचा कार्यक्रम होता आणि त्याच्याआधी वाजवून जागा मोकळी करून देणारा होता टॉमी. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉमी हॉटेलात वारला. वय २५.

तर हेडफोन लाव, रात्री ऐक आणि चार ओळी लिही. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवलास तर बोलणार नाही.

तुझा,
नंदू